कोयत्याची पावलं

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, तेव्हा त्यात माझा वाटा किती होता हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

माझ्या मुलाने, संदेशने, मला पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. मी ते उजव्या मनगटावर बांधलं. डाव्या मनगटावर माझ्या नवऱ्याचं नाव गोंदलेलं आहे. तो गेला, नाव राहिलं, आणि ते मला झाकायचं नव्हतं. आता मी करते काय, तर अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. सकाळपासून ओट्यावर बसायचं आणि उजव्या हाताने कोयता चालवायचा. खवले काढायचे, पर छाटायचे, तुकडे पाडायचे. पहिल्याच दिवशी दुपारी घड्याळ थरथरलं. बघते तर आठ हजार पावलं. मी सकाळपासून एकदाच उठले होते, तेही लघवीला.

शेजारच्या ओट्यावरची गुलाब, गेली तीस वर्षं माझी शेजारीण, तिने मान वाकडी करून विचारलं, "काय गो, काय झालं घड्याळाला?"

"मी बसलेय आणि हे चालतंय," मी म्हटलं.

"मग चालू दे की. फुकटचं चालतंय तर तुझं काय जातंय."

माझं काय जातंय हे कळायला सात महिने लागले. पायाची दोन बोटं गेली.

त्या संध्याकाळी मी घरी खरं सांगायला हवं होतं. पण घरच्या मोबाइल ग्रुपवर सुनेने, प्राचीने, माझा आकडा टाकला होता. खाली टाळ्या, फुलं, हृदयं. संदेशने लिहिलं, 'आई सगळ्यांच्या पुढे.' मॅट्रिकला मी गणितात नापास झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा आकड्यात कोणाच्या तरी पुढे गेले. गप्प बसले. दुसऱ्या दिवशी घड्याळावर प्लास्टिकची पिशवी बांधली, पाणी लागू नये म्हणून, आणि सुरमईवर जरा जास्तच जोर काढला. त्या दिवशी अकरा हजार.

*

घड्याळ आलं का, तर साखर निघाली म्हणून.

मी गेले होते चष्म्याच्या नंबरसाठी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत कागद पाहिला. म्हणाले, "आजी, ही आजची गोष्ट नाही. बरीच वर्षं असणार." मग प्रश्न सुरू. तहान लागते का, थकवा येतो का, पायांना मुंग्या येतात का.

मुंग्या येत नाहीत, मी सांगितलं. ते खरंच होतं. माझ्या पायांना मुंग्या येत नव्हत्या, कारण काहीच येत नव्हतं. बाजारात बसणाऱ्या आम्हा बायकांचे पाय बर्फाच्या पाण्यात असतात. बधिर व्हायचेच. गुलाबचे होतात, सगळ्यांचे होतात. तिचे घरी गेल्यावर तासाभरात जागे होतात आणि माझे रविवारीसुद्धा झोपलेलेच असतात, हा फरक मी कधी कोणाला सांगितला नाही. मला तो फरक वाटलाच नाही. बर्फाचा गुण म्हणून सोडून दिला.

दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा रडू आलं नाही. समोर मिठाईवाला होता. उद्यापासून बंदच आहे तर आज खाऊन घे, असं म्हणून उभ्याउभ्या जिलेबी खाल्ली. बोटं चाटली. रिपोर्टाच्या पाकिटाला पाक लागला, तो पदराने पुसला. सहासष्ट वर्षांची बाई. तुम्ही हे करू नका एवढंच म्हणते. केलंत तर मला तरी सांगा, एकटीला लाज वाटते.

*

आता त्या मोबाइलमधल्या अॅपबद्दल. इथून माझा राग सुरू होतो.

काय खाल्लं ते त्यात रोज भरायचं. प्राची माहेरची मुलुंडची, साकीनाक्याला एका ऑफिसात काम करते, सगळं नीट करायची तिला सवय. तिने मला शिकवलं. ताटाचा फोटो काढायचा, मोबाइल ओळखतो. मी बोंबलाच्या कालवणाचा फोटो काढला. त्याने सांगितलं, टोमॅटो सूप. तांदळाच्या भाकरीचा काढला. पापड. सुक्या जवळ्याची चटणी दाखवली तर तो बराच वेळ गोल गोल फिरला आणि म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.

"आई, जवळपासचं काहीतरी निवडा ना," प्राची म्हणाली.

"जवळपासचं म्हणजे काय गं? मी भाकरी खाल्ली आणि पापड लिहू?"

"अहो, अंदाज येतो डॉक्टरांना."

त्या यादीत पिझ्झ्याचे प्रकार मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. आणि ज्या गावाने ह्या शहराला मासळी खायला घातली, त्या आमच्या वेसाव्याच्या ताटातलं एक नाव त्यात नाही. म्हणजे आमच्यासारख्या बायकांना साखर होतच नसेल असं हे बनवणाऱ्यांना वाटलं असणार. मी दोन आठवडे पापड आणि टोमॅटो सूप ह्यांच्यावर जगले, निदान मोबाइलच्या मते. मग भरणं सोडलं. प्राचीच रात्रीच्या जेवणाला विचारून विचारून भरायची. ती विचारायची, मी काहीतरी सांगायची. अंदाजावर अंदाज.

*

तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. साखर काही खाली येईना. दुसऱ्या खेपेला प्राची सोबत आली आणि तिने डॉक्टरांपुढे मोबाइल ठेवला. त्यावर माझ्या पावलांचे खांब उभे होते, एकापेक्षा एक उंच. डॉक्टर बघतच राहिले.

"आजी, एवढं तर मी पण चालत नाही."

मी हसले. काय करणार.

"मग साखर खाली का येत नाही? खाण्यात काही गडबड आहे का?"

प्राचीने माझ्याकडे बघितलं. तो बघण्याचा प्रकार सुनांना येतो. रिक्षात बसलो. मग म्हणाली, "आई, खरं सांगा. बाजारात काय काय खाता?"

घरी आल्यावर संदेशने माझ्या पिशव्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. माझ्याच घरात, माझ्या मुलाने. फडताळातला लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. गुलाबला फोन झाला, "मावशी, आई काय खाते तिथे?" गुलाबने सांगितलं, "तुझी आय बिनसाखरेचा चहा पिते आणि मला शिव्या घालते." त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. आकडे खोटं बोलत नाहीत ना. म्हणजे म्हातारी बोलत असणार.

मला भयंकर राग आला. जिलेबीनंतर मी खरंच तोंडात गोड घातलं नव्हतं. एकच गोष्ट खरी केली होती आणि तिच्यावरच चोरीचा आळ. पण तो आळ झटकायचा तर पावलांची चोरी कबूल करावी लागली असती. ते मला जमेना. बसून राहिले, दात खात.

एक गोष्ट मला आजही खुपते. बसून मासळी विकणारी बाई दिवसाला अकरा हजार पावलं कशी चालेल, हे घरात कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही. मी कुठे बसते, काय करते, हे सगळ्यांना माहीत होतं. मोबाइलवर खांब उभे राहिल्यावर ते माहीत असलेलं सगळे विसरले.

*

मग मी ठरवलं, आता चालूनच दाखवते. खरं चालते, बघू कोण काय म्हणतं.

गमबूट नाही, साधे बंद बूट आणले, पांढरे. बाजार आटोपला की तेच घालून सात बंगल्याच्या नाक्यापर्यंत आणि तिथून समुद्राच्या कडेने परत. अकरा दिवस चालले. घड्याळ आता डाव्या हाताला बांधलं, नवऱ्याच्या नावावर, म्हणजे कोयत्याचं एकही पाऊल धरलं जाणार नाही. नवऱ्याला म्हटलं, थोडे दिवस दम धर.

खरं चालले तर किती पावलं झाली असतील? चार हजार. पाच हजार. घाम यायचा, गुडघे ओरडायचे, आणि घड्याळ म्हणायचं, 'आज तुम्ही नेहमीपेक्षा कमी चाललात. थोडा प्रयत्न करा.' मी बसून होते तेव्हा त्याने माझ्यासाठी फटाके उडवले. चालायला लागले तेव्हा टोमणे मारले. प्राचीने ग्रुपवर लिहिलं, 'आई, काय झालं? कंटाळलात?' मी त्या दिवशी मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

ह्या अकरा दिवसांत पहिल्याच दिवशी कधीतरी शिंगाळ्याचा काटा माझ्या पायात गेला होता, हे पुढे हॉस्पिटलात कळलं. शिंगाळा म्हणजे मिशा असलेला मासा, त्याचा काटा सुईसारखा. ओट्याखाली पडला असेल, चपलेतून शिरला असेल. दुसऱ्या कोणाला गेला असता तर बाजार डोक्यावर घेतला असता. मला कळलंच नाही. मी त्याच पायावर बूट चढवला आणि माझा मान परत मिळवायला निघाले.

ताप आला तो थकव्याचा वाटला. बाराव्या दिवशी थंडी वाजत होती, म्हणून बूट-मोजे चढवूनच ओट्यावर बसले होते. गुलाब मासळीवर बर्फ पसरत होती. थांबली. नाक वर केलं, दोनदा.

"हिरा, तुझ्या बुटातून वास येतोय."

"मासळी बाजारात बसलेय, गुलाबाचा येणार का?"

ती हसली नाही. "मासळीचा वास आपल्याला कळतो गो. हा मासळीचा नाय. बूट काढ."

बूट काढला. मोजा निघेना. तिने माझ्याच कोयत्याने तो फाडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि पाय घोट्याकडे लाल होत चालला होता. मी बघत होते आणि तो माझा पाय आहे असं मला वाटत नव्हतं. दुखतच नव्हता ना. गुलाबने तिची अख्खी पाटी तशीच टाकली, मला रिक्षात घातलं. पापलेट होतं तिच्या पाटीत.

*

हॉस्पिटलातल्या तरुण सर्जनने पाय पाहिला आणि खिशातून पेन काढून जिथे लाली संपत होती तिथे घोट्याखाली एक निळी रेघ ओढली. म्हणाला, "आजी, दोन बोटं काढावी लागतील. औषध चालू केलंय. लाली ह्या रेघेच्या वर गेली नाही तर पाय वाचला. गेली तर वरून कापावं लागेल."

वरून म्हणजे कुठून, मी विचारलं. त्याने त्याच्या स्वतःच्या पोटरीवर हात ठेवून दाखवलं. त्या दाखवण्याची मला अजून भीती वाटते.

ऑपरेशनच्या आधी नर्सने बांगड्या, गळ्यातली साखळी, घड्याळ, सगळं काढून एका पिशवीत घालून प्राचीकडे दिलं. शुद्धीवर आले, पाय पट्टीत. बाजूच्या कपाटावर पिशवी. आणि पिशवी थरथरते आहे. प्राचीने उघडून पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं काय लिहिलंय ते.

"वाच," मी म्हटलं.

"राहू दे ना आई."

"वाच, प्राची."

"उठा, थोडं चालून या."

मी त्या घड्याळाला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र मनापासून हसली आणि म्हणाली, पोट दुखेपर्यंत हसायला तिला आठवडाभरात पहिल्यांदाच मिळालं. तिचं ॲपेंडिक्सचं होतं, त्यामुळे पोट खरंच दुखलं असणार.

हॉस्पिटलचा दिवस पहाटे थर्मामीटरने सुरू होतो. मग बोटाला टोचून साखर, मग चादर ओढून सरळ करणारी मावशी, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी मान वळवून रेघ बघायची. रेघ आणि लाली. दोघींमध्ये किती जागा आहे. पहिल्या दिवशी लाली रेघेला टेकली होती.   मी देवाला काही कबूल केलं नाही, कारण त्यालाही माझी कोयत्याची पावलं माहीत असणार, माझ्यावर कशाला विश्वास ठेवेल.

ड्रेसिंग करणारी नर्स मालवणची. पट्टी सोडताना गप्पा मारायची, कोलंबी कशी निवडायची ते मला विचारायची. पट्टी पूर्ण निघेपर्यंत मी कोलंबीबद्दल बोलत राहायचे. तिला कोलंबी निवडता येत होती, हे माझ्या चौथ्या दिवशी लक्षात आलं.

*

त्याच दुपारी प्राचीला सगळं सांगितलं.

ती सफरचंद कापत होती, माझ्यासाठी अर्धं, मोजून. मी म्हटलं, "ते अकरा हजार माझे नव्हते. कोयत्याचे होते. मी बसलेली असायचे."

तिची सुरी थांबली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी ऑफिसात दाखवायचे सगळ्यांना," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई बघा म्हणून. डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही त्या आकड्यांमुळे. कळतंय का आई तुम्हाला?"

कळत होतं. म्हणूनच मी जास्त चिडले. "आणि तुम्ही माझ्या पिशव्या तपासल्या. डबा लपवला. गुलाबला फोन केला. माझ्या तोंडात काय जातं ते बघायला सगळे तयार. सात महिन्यांत माझा पाय कोणी पाहिला?"

"तुम्ही पाहिलात?"

 ती बाहेर जाऊन उभी राहिली. सफरचंद काळं पडलं. परत आली तेव्हा नाक लाल होतं. आम्ही एकमेकींची माफी मागितली नाही. तिने दुसरं सफरचंद घेतलं.

तिच्या त्या दोन शब्दांनी मला माझी सासू आठवली. बाजारातून आली की ती कोमट पाण्यात पाय घालून बसायची. मग पुसायची, खोबरेल लावायची, एकेक बोट उघडून बघायची. काटा, चीर, फोड. आमच्या वाड्यातल्या सगळ्या जुन्या बायका बघायच्या. मी विशीतली, नवी सून, शिकलेली म्हणवणारी. मी माझ्या नणंदेला म्हणायची, बघ, राणीसरकार पाय बघायला बसल्या, आता कोणी हलायचं नाही. तिच्या मागे तिची नक्कल करायची, बोटं उघडून, डोळे बारीक करून. घरातल्या पोरी हसायच्या. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी ते कधी केलंच नाही. थकलेली असायचे हे एक कारण. आणि स्वतःच्याच नकलेसारखं दिसेल, हे दुसरं.

तेव्हाच्या त्या शहाण्या सुनेला आज समोर उभं करता आलं तर कोयत्याचा दांडा दाखवेन.

*

पाचव्या दिवशी लाली रेघेपासून बोटभर खाली आली. सर्जन म्हणाला, "पाय राहिला." एवढंच म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी उशीत तोंड घालून पहिल्यांदा रडले.

ज्यांना साखर आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. घड्याळ वाईट नाही. मी आजही बांधते, डाव्या हाताला. पण त्याला मनगट दिसतं, पाय दिसत नाही. पाय तुम्ही बघा, रोज. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा कोणाला तरी बघायला लावा. डॉक्टरांना तुमचा धंदा सांगा, कुठे बसता, पाय कशात असतात, बधिर होतात ते सांगा. आणि घरच्यांनो, म्हातारीचा आकडा विचारायला तुम्हाला चुटकीसरशी जमतं. खाली वाकायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं काढा. हे मी गोड बोलून सांगत नाही, मला गोड बंद आहे.

चार महिन्यांनी परत ओट्यावर बसले. गुलाबने माझी जागा धुवून ठेवली होती आणि पायाखाली लाकडी पाट, पाणी लागू नये म्हणून. बाजार उठल्यावर काठी घेऊन हळूहळू चालले, रिक्षा अर्ध्या वाटेवर घेतली. घरात शिरले तर प्राची ऑफिसातून येऊन बसली होती. जमिनीवर, पाटावर. पुढे कोमट पाण्याची बादली, मांडीवर पंचा.

मी दारातूनच मनगट पुढे केलं. म्हटलं, "तीन हजार दोनशे. सगळी माझी. विचार हवं तर गुलाबला."

तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "आई, आकडा नंतर सांगा. आधी पाय इकडे द्या."